सोनीचं बराबर उत्तर

पहिल्यांदा माझा गाढवपणाच सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना माझ्याकडून तुमाला फार आशा ऱ्हाणार न्हाई. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पोरीला आत नेलं, दार लागलं, आन् मी भाईर उभा. तेवढ्यात पांढरा कोट घातलेला एक माणूस हातात लहानशी पेटी घेऊन आला. मी त्याचे पायच धरले. काय झालं, कसं झालं, पोरगी किती हुशार, नववीला वर्गात दुसरी आली, डोक्याला मागून लागलं, कानातून रगत आलं, सगळं सांगितलं, रडलो बी. त्या बिचाऱ्यानं पुरतं ऐकून घेतलं, मधी एकदा बी तोडलं न्हाई. मंग मला दंडाला धरून उठवलं आन् म्हणला, मामा, मी केस काढायला आलो, डॉक्टर आत हायेत. थोड्या वेळानं तो परत भाईर आला तवा त्याच्या हातात एक पिशवी होती, पिशवीत माझ्या पोरीच्या दोन वेण्या, लाल फितीसकट. ती पिशवी धरून मी कितीक वेळ उभा होतो. बसायचं असते हेच मला आठवलं न्हाई.

तर मी उत्तम राठोड. आमचा तांडा सेनगाव तालुक्यात, साखऱ्यापासून दोन किलोमीटर वर, बरड रानात. आमचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर माल लादून मुलूख फिरायचे म्हणतात, मी काही पाह्यलं न्हाई, मी फिरलो तो हळदीच्या कुकरमागं. हळद काढली की शिजवा लागते, शिजवायचं मशीन ट्रॅक्टरला लावून या शेतातून त्या शेतात नेतात, त्याच्यावर मी पंधरा-सोळा वर्षं हाये. हळद शिजली का न्हाई हे मी नुसत्या वासावरून सांगतो. दुसरं मला एकच येते, बोलणं. लगीन असो का बारसं, गोष्ट सांगायची म्हणलं की तांड्यात मला बसवतात. आमची मंडळी, कमल, ती म्हणते, तुमाला बसवा लागत न्हाई, उठवा लागते.

त्याच बोलण्यानं घात केला.

पोरीला दहावी लागणार होती, तिच्या वह्या आणायला आमी दोघं मोटरसायकलवर सेनगावला गेलतो. येताना ती मागं बसली, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर वह्यांची पिशवी. मी गोष्ट सांगून राहिलो होतो, माझ्या मावशीच्या लग्नात बैल मांडवात शिरला ती, पन्नास वेळा ऐकलेली, तरी मागून हं हं करत होती लेकरू. रस्त्यावर कोणीतरी नवा ब्रेकर केला होता, त्याला पांढरा पट्टा न्हाई, मला दिसला न्हाई. गाडी उडाली आन् आपटली. मी सावरली, म्हणलं, नीट धर गं, आन् गोष्ट पुढं चालू. काय सांगू तुमाला. बैल मांडवातून निघून कढईपाशी गेला, आचारी पळाला, माझा मीच हसलो, आन् मागून हं आला न्हाई. म्हणलं झोपली का काय. हात मागं नेला तर सीट. निस्ती सीट. वळून पाह्यलं तर लांब रस्त्यावर वह्या पडलेल्या, वाऱ्यानं त्याची पानं उलटून राहिली, आन् त्याच्या बाजूला ती. तेवढा रस्ता मी कोणाला गोष्ट सांगत आलो? आता गाडीवर एकटा बी असलो तरी दर दोन मिनिटाला हात मागं जाते माझा.

हिंगोलीहून नांदेडला नेलं. डोक्यात रगत साचलं व्हतं, ते काढलं. अकरा दिवस तिनं डोळे उघडले न्हाई. अकरा दिवस मी त्या दारापाशी. आतून चपलेचा आवाज आला की मी उठून उभा, कोणाचं नाव घेतात आता. नर्सबाई साधं पाणी प्यायला निघाली तरी मी तिच्या तोंडाकडं पाह्यचो. कमल भितीला टेकून बसायची, एक शब्द न्हाई. मला वाटायचं ही बाई दगडाची हाये.

त्याच दिवसांत खिडकीवर कागदाचं काम. सरकारी योजनेत नाव बसवायचं तर आधार, राशनकार्ड, शाळेचा दाखला, तिन्हीवर अक्षर न् अक्षर सारखं पाह्यजे. तिथला माणूस भला होता, त्यानं मला नीट समजावलं, काका, कोणी बी काही बी विचारलं तर कागदावर हाये तेच सांगा, फरक पडला की फाईल वापस येते. ही गोष्ट मी मनात अशी ठोकून बसवली की विचारू नका. चहावाल्यानं नाव विचारलं तरी मी आधारवरचं पूर्ण नाव सांगायचो, बापाच्या नावासकट.

बाराव्या दिवशी पोरीनं डोळे उघडले. अजून चार दिवसांनी नळी काढली आन् तोंडातून आवाज फुटला, फाटल्यासारखा, पण आवाज. मंग एक जवान डॉक्टरीणबाई रोज सकाळी यायच्या आन् तिला तेच तेच विचारायच्या. नाव काय तुझं. गाव कोणतं. वाढदिवस कधी. त्यांच्या हातात कागद, उत्तर आलं की खूण करायच्या. सकाळच्या त्या वेळेला पेशंटपाशी एकच माणूस उभा ऱ्हायचा, आन् बोलायचं काम म्हणजे माझंच, कमल जिन्याखाली बसायची.

पहिल्या दिवशी बाईनं विचारलं, नाव काय. पोरगी म्हणली, सोनी. बाईनं माझ्याकडं पाह्यलं. मी म्हणलं, रविना उत्तम राठोड. गाव कोणतं. ती म्हणली, वरचा तांडा. मी म्हणलं, साखरा, तालुका सेनगाव. वाढदिवस कधी बाळा. ती लई वेळ छताकडं पाहत राहिली आन् म्हणली, पोळा. मी म्हणलं, एक जून. बाईनं तीन खुणा केल्या आन् माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सोनी, वरचा तांडा, पोळा. चौथ्या दिवशी मी तिच्या कानापाशी वाकून म्हणलं, बेटा, साखरा म्हण, एक जून म्हण. ती माझ्याकडं अशी पाह्यली जसं मी कोणी परका माणूस हाये. बाई मला बाजूला घेऊन म्हणल्या, काका, शरीरानं ती छान सुधारतेय, आठवणीचं मात्र आत्ताच सांगता येत न्हाई, धीर धरा. मी धीर कशाचा धरतो. मला कळलं ते येवढंच की पोरगी वापस आली न्हाई. तिचं अंग आलं, ती न्हाई आली. नाव गेलं, गाव गेलं, उद्या बाप जाईल, माय जाईल, आन् हे सगळं माझ्या गाडीवरून, माझ्या गोष्टीपायी. चार-पाच दिवस हे मी एकट्यानं पोटात ठेवलं. कमलला म्हणायचो, ठीक हाये, बोलून राहिली. आन् मुतारीत जाऊन तोंडात रुमाल कोंबून रडायचो.

नवव्या दिवशी खिडकीवाल्यानं दाखल्याची अजून एक झेरॉक्स मागितली. मी कमलला म्हणलं, तू उभी राह्य, बाई विचारतील ते विचारतील, तू काही बोलू नको. मी गेलो, लाईट गेलती, झेरॉक्सला येळ लागला. वापस आलो तर काय, डॉक्टरीणबाई स्टुलावर बसलेल्या, पोरगी उशाला टेकलेली, आन् कमल, जिनं इतक्या दिवसांत वीस शब्द बोलले नसतील, ती हातवारे करून सांगून राहिली.

बाईनं मला पाह्यलं आन् विचारलं, काका, तुमचा वाढदिवस कधी. मी म्हणलं, एक जून. काकूंचा. म्हणलं, एक जून. तुमच्या भावाचा. मला काही समजंना, पण म्हणलं फाईल वापस जायला नको, सांगितलं, एक जून. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा, ज्याच्या डोक्याला बी पट्टीच होती, तो म्हणला, बाई, माझा बी एक जूनच हाये. सगळी खोली हसली.

आता तुमी शहरातले असले तर तुमाला सांगा लागेल. आमच्याकडं लेकरू शाळेत टाकायला नेलं की मास्तर विचारायचे, जन्म कधीचा. आमी सांगायचो, पेरणीच्या वक्ताला, न्हाईतर थंडीत. मास्तर एक जून लिहून टाकायचे, शाळेत बसायला वय बराबर जुळायचं. तांड्यातल्या निम्म्या माणसांचा जन्म एक जूनचा हाये. आन् माझी पोरगी झाली ती खरंच पोळ्याच्या दिवशी. त्या दिवशी बैल जुंपत न्हाई कोणी, चिखलामुळं जीप तांड्यावर येत न्हवती, कमलला कळा सुटल्या तवा मी दारोदार हात जोडत फिरलो, बैलं रंगवलेली, शिंगाला बेगड लावलेली, कोणी गाडी काढंना. पोरगी घरीच झाली, सुईणीच्या हातावर. दर पोळ्याला कमल तिला हे सांगते, आन् मी किती घाबरलतो त्याची नक्कल करून दाखवते. घरात ती सोनी, रविना तिला फकस्त हजेरीत म्हणतात. आन् साखरा हे गाव तिचं कधी न्हवतंच, साखऱ्यात तर ती शाळेपुरती जाते.

म्हणजे लेकरू पहिल्या दिवसापासून बराबर सांगून राहिलं होतं, आन् बाप बाजूला उभा राहून त्याचं उत्तर खोडून राहिला होता. रोज.

डॉक्टरीणबाईनं कागद काढला आन् जुन्या खुणा खोडून नव्या केल्या. मी हसलो बी, रडलो बी, पण भ्या गेलं असं समजू नका. बाईनं तवाच सांगितलं, तीन उत्तरं आली म्हणजे सगळं आलं असं न्हाई. तसंच झालं. घरी आणली तर उजवा हात ऐकंना. वाटीतले सोयाबीनचे दाणे एक एक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे, हा तिचा रोजचा अभ्यास. मी समोर बसायचो. दाणा तिच्या बोटातून सुटला की माझंच बोट पुढं जायचं, मंग मी हात मांडीखाली दाबून बसायचो. शब्द अडकायचा. ती म्हणायची, बापू, ते दे, ते, आन् अडायची, आन् मी पाणी, गिलास, उशी, पंखा, दुकान उघडल्यासारखं सगळं सांगायचो. दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनं मला बजावलं, तुमी गप बसायचं, शब्द तिला शोधू द्या. सांगा, मला गप बसायचं औषध दिलं. एकदा तर ते ते करता करता तिनं ताट भिताडावर मारलं. असा राग माझ्या पोरीला कधी न्हवता. मयतीच्या घरी ती हसली. तिची मैत्रीण आली, तिला सोनीनं वळखलं, पण एकच गोष्ट तिला तीनदा विचारली. तवा रात्री-दिवसा एकच वाटायचं, नाव-गाव आलं, पण माझी सोनी यायची बाकीच हाये.

आन् फिट. एकदा ओट्यावर बसल्या बसल्या मान वळली, डोळे पांढरे, अंग ताडताड. मी पळालो कांदा आणायला, आमच्याकडं कांदा हुंगवतात. कमलनं तिला कुशीवर घेतलं, डोक्याखाली पदराची घडी दिली, दवाखान्यात शिकवलं होतं तसं, तोंडात काही घातलं न्हाई. मी कांदा फोडून आलो तवर पोरगी शांत झालती. घंटाभरानं शेजारी इचारायला आले, तवा बी तो कांदा माझ्या हातात होता. डॉक्टरनं गोळी बदलून दिली. त्याला पाच महिने झाले, परत आली न्हाई. पण पाच महिने झाले हे मला का पाठ हाये, ते तुमी समजून घ्या.

आता ती दहावीच्या वर्गात बसते, एक वर्ष मागं. गेल्या सोमवारी म्हणली, बापू, मी शाळेत एकटी जाईन. शब्द सावकाश येतो, पण आता पुरता येतो. मी न्हाई म्हणणार तेवढ्यात कमल म्हणली, जाऊ द्या. दोन किलोमीटर. पोरगी निघाली, डोक्यावर रुमाल, केस आता खांद्याला लागून राहिले. मी मागून गेलो. रस्त्यानं न्हाई, तुरीतून. ती थांबली की मी खाली बसायचो, असा पन्नाशीला आलेला माणूस, तुरीत लपून. एका शेतवाल्यानं पाह्यलं, म्हणला, उत्तमराव, पोट बिघडलं का. मी म्हणलं व्हय. दुसरं काय सांगू. ती शाळेच्या फाटकात गेली, तवा मी श्वास घेतला.

मंगळवारी गेलो, बुधवारी गेलो. काल पोरगी फाटकापाशी थांबली, मागं न पाहता मोठ्यानं म्हणली, बापू, घरी जा, याडी वाट पाहत असंल. आमच्या बोलीत मायला याडी म्हणतात. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मान खाली घालून घरी आलो. वाटलं आता कमल धुते मला. पोरीला नीट जगू देत न्हाईत, तिचा भरवसा तोडता, असं काही म्हणंल. ती चुलीपाशी बसलेली. भाकर थापता थापता थांबली. माझ्या पँटीला चिकटलेला तुरीचा पाला पाह्यला. मंग हात परातीत ठेवून म्हणली, उद्या भाकरी तुमी करा, उद्या मी जाते मागून. इथं बसून माझा जीव जाऊन राहिला.