हेडलींचा मुरूम आणि आपली दोनशे अकरा मतं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि हॅम्बरी हेरन्स संघाच्या मालकीण श्रीमती ग्लेनिस ऑडकॉक, प्रमुख पाहुणे आणि ज्यांना आपण दर शनिवारी मनापासून ओरडतो ते पंच श्री. डेन्झिल मॉस, सत्कारमूर्ती श्री. हेडली प्राऊज, त्यांच्या पत्नी बेरिलबाई, चर्चचं हे सभागृह आणि चहाचा तो भलामोठा बंब आपल्याला वापरू देणारे पाद्रीसाहेब, आणि धावपट्टीच्या चारही वळणांवरून आलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

आधी कबुली देऊन टाकते. या भाषणासाठी मला तीन आठवडे मिळाले होते. पहिल्या आठवड्यात ग्लेनिसबाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "डोक्यात तयार आहे." दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "अर्धं झालंय." तेव्हा कागदावर 'आजच्या समारंभाच्या अध्यक्षा' एवढंच होतं, आणि त्याखाली बदकाचं एक चित्र. उरलेलं मी आज सकाळी बसमध्ये लिहिलं. म्हणून वाचताना मी मधेच अडखळले, तर समजून घ्या की तिथे रस्त्यात खड्डा होता.

आळस हे एक कारण झालं. दुसरं असं की निरोपाचं भाषण लिहून संपवलं की माणूस खरंच जातो, असं मला उगाच वाटत राहिलं. आणि या वेळी हेडली एकटे जाणार नाहीत, ही खरी अडचण आहे. इथे सगळ्यांना माहीत आहे, पण मागच्या खुर्च्यांवर काही पाहुणे दिसतायत, त्यांच्यासाठी सांगते. पुढच्या हंगामाच्या अर्जात आपल्या मोटारसायकल शर्यतींची मुरमाची धावपट्टी कोण तयार करणार त्या माणसाचं नाव लिहावं लागतं. एकतीस वर्षं तिथे 'हेडली प्राऊज' असं लिहिलं जायचं. आता त्यांचा खांदा दंताळं उचलू देत नाही. अर्ज उद्या दुपारी बारापर्यंत पोहोचायला हवा. तो या घडीला ग्लेनिसबाईंच्या पर्समध्ये आहे आणि त्यातली ती ओळ कोरी आहे. नाव नाही, तर संघ नाही. म्हणजे आज आपण एका माणसाला निरोप देतोय की गॅसवर्क्स रोडवरच्या आपल्या मैदानातल्या सगळ्या शनिवारांना, हे मला अजून ठाऊक नाही. तरी सॉसेज रोल छान झालेत. कुणी केलेत? डॉट, तू? मग एवढे जळके कसे नाहीत?

बरं, बरं. मुद्द्यावर येते.

मी या गावात सहा वर्षांपूर्वी एका जत्रेबरोबर आले, पाळण्यांच्या घोड्यांना रंग द्यायला. आठवडाभराचं काम होतं. शनिवारी कुठूनतरी करवतीसारखा आवाज आला आणि जळक्या गोडसर इंधनाचा वास आला, म्हणून मी त्या दिशेनं चालत गेले. तिसऱ्या वळणावर उभी राहिले. चार माणसं, चार मोटारसायकली, ब्रेक एकीलाही नाही. सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर उडाली आणि चौघेही एकाच वळणात आडवे घुसले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा माझ्या चहात लाल मुरूम पडला होता. शेजारी विल्फ उभे होते. तुम्ही सगळे ओळखता त्यांना, तिसऱ्या वळणाचे सर्वांत जुने रहिवासी. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पहिल्यांदाच आलीस वाटतं, पोरी. ते इथून गेले की कपावर हात ठेवायचा असतो." मग त्यांनी मला पेन्सिल दिली, कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक शर्यतीचे गुण कुठे भरायचे ते दाखवलं, आणि लगेच म्हणाले, "पण फार जीव लावू नकोस. पुढच्या वर्षी बंद होणार आहे हे."

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी पहिल्यांदा आलो तेव्हा शेजारच्यानं सांगितलं होतं."

"कधीची गोष्ट?"

"मी सोळा वर्षांचा होतो."

विल्फ आज चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. जत्रा पुढच्या गावाला गेली. मी गेले नाही.

या वर्षी मे महिन्यात ग्लेनिसबाईंनी मला एक वही दिली. म्हणाल्या, "ब्रायनी, तू नाहीतरी एका जागी उभी राहत नाहीस. चारही वळणांवर फिर आणि लोकांना विचार, या खेळाचं काय चुकतंय आणि पुढे काय करायला हवं?" मी फिरले. दोनशे अकरा मतं जमली. माणसं मात्र एकशे चाळीसच होती, कारण काही जणांनी चहा पिऊन आल्यावर मत बदललं.

काय काय लिहिलंय ते ऐका. पहिल्या वळणावरच्या एका बाईंनी सांगितलं, "शर्यत एक मिनिटाची, आणि नंतर दहा मिनिटं ट्रॅक्टर बघायचा. कोण येईल?" त्यांचे यजमान शेजारून म्हणाले, "मी ट्रॅक्टर बघायलाच येतो." उसन्या स्वारांबद्दल तर वहीची नऊ पानं भरली. आपला स्वार जखमी झाला की दुसऱ्या संघाचा आणून उभा करतात. एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "मागच्या शनिवारी ज्याला मी घसा बसेपर्यंत शिव्या दिल्या, त्याच्याच नावानं या शनिवारी टाळ्या वाजवायच्या? माझ्या बायकोला वाटतं मला कुणाबद्दलच निष्ठा नाही." मग तो नियम, ज्यात जिंकणाऱ्या संघातल्या स्वारांच्या गुणांची बेरीज ठरलेल्या आकड्याबाहेर गेली म्हणून पुढच्या वर्षी तो संघ मोडावा लागतो. त्यावर मत असं की, "दुसरीकडे जिंकलं की चषक देतात, आपल्याकडे जिंकलं की घर फोडतात." कुणी म्हणतं चांगले स्वार जास्त पैशासाठी पोलंडला पळतात. कुणी म्हणतं पळू देत, तिथून शिकून येतात. कुणी म्हणतं तरुण माणसं येत नाहीत. हे सांगणाऱ्या आजी म्हणाल्या, "आमच्या रांगेत मीच सगळ्यांत लहान. एकाहत्तरची." कुणाला शनिवार नको, गुरुवार हवा. कुणाला गुरुवार नको. एकाला पाऊस नको. त्यावर मी काय करणार?

आणि ड्रेकवेल. आपला जुना प्रतिस्पर्धी संघ. गेल्या मार्चमध्ये ड्रेकवेलची धावपट्टी उखडली, आता तिथे गोदामं उभी राहतायत. पन्नास वर्षं आपण त्या संघाचा मनापासून द्वेष केला आणि आता तो करायला कुणी उरलं नाही. विल्फ म्हणाले, "घरातलं घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं." वहीत मी ते मत म्हणूनच नोंदवलं आहे, क्रमांक एकशे तीन.

एका गोष्टीवर मात्र कुणी मत दिलं नाही. धावपट्टीवर. मी विचारायची, "आणि धावपट्टीचं काय?" तर लोक माझ्याकडे असे बघायचे, जणू मी विचारलंय की हवा कशी वाटते श्वास घ्यायला. "ती हेडली बघतात ना?" झालं, संपला विषय.

हेडली काय करतात हे मी एकदा नीट बघितलं. शनिवारी सकाळी सहाला ते एकटे धावपट्टीवरून चारशे पावलं चालतात. थांबतात, बुटाची टाच मुरुमात रोवतात, खाली वाकून चिमूटभर उचलतात, बोटांत चुरतात, हुंगतात. मग पाण्याच्या टँकरवाल्याला दोन बोटं दाखवतात, म्हणजे दोन फेऱ्या पाणी. कधी एक. मी विचारलं, "तुम्हाला कळतं कसं?" ते म्हणाले, "कळत नाही. काल काय केलं होतं ते आठवतं." यापुढे त्यांनी मला काही शिकवलं नाही आणि मी विचारलंही नाही. तेवढ्यात माझं लक्ष एका टिटवीकडे गेलं होतं. तिनं नेमकं चौथ्या वळणाच्या आतल्या गवतात घरटं केलं होतं, आणि... ते राहू दे.

शर्यत चालू असताना हेडली स्वारांकडे बघत नाहीत, जमिनीकडे बघतात. पंधरा शर्यती संपल्या की फाटकाशी येऊन विचारतात, "जिंकलं कोण?" एकतीस वर्षं, दर शनिवारी! हसू नका हेडली, बेरिलबाई साक्षीला आहेत.

आणि मग ऑगस्ट आला. खांद्याची शस्त्रक्रिया झाली, हात झोळीत. त्याआधी ग्लेनिसबाईंनी बाहेरून दोघांना आणून बघितलं होतं, तुम्हाला आठवत असेल. गोल्फच्या मैदानावरच्या गृहस्थांनी इतकी गुळगुळीत पट्टी केली की चौघे स्वार शाळेतल्या मुलांसारखे एकामागे एक गेले. रस्ते बांधणाऱ्यानं ती एवढी दाबली की त्यावरून भाजीचा ट्रक गेला असता. तेव्हा आपण, म्हणजे या सभागृहात बसलेल्यांपैकी निदान वीस जण, छाती पुढे काढून म्हणालो, "आम्ही करतो. चाळीस चाळीस वर्षं बघतोय आम्ही."

पुढे काय झालं ते कुणीच मोठ्यानं बोलत नाही, म्हणून मी बोलते. आपण पाण्याचे पाइप वाटून घेतले. आणि प्रत्येकानं आपापलं वळण धरलं. पहिल्या वळणवाल्यांचं ठाम मत होतं की पट्टी ओली हवी, नाहीतर पकड मिळत नाही. दुसऱ्यांना कोरडी हवी होती. तिसऱ्या वळणावर आम्ही मुरूम बाहेरच्या कडेला ढकलला, कारण विल्फ म्हणाले सत्तरच्या दशकात अशीच असायची. चौथ्या वळणावर काय केलं ते अजून त्यांनाही सांगता येत नाही. तिथे मत एक नव्हतं, सात होती.

पहिली शर्यत. फीत उडाली. पहिल्या वळणात चौघे चिखलात बुडाले, दुसऱ्यात धुरळ्यात नाहीसे झाले, तिसऱ्यात दिसले ते आम्ही रचलेल्या ढिगावरून हवेत, आणि चौथ्यात पाहुण्या संघाचा कप्तान गाडी थांबवून खाली उतरला आणि हातानं माती चाचपू लागला. दुसऱ्या शर्यतीनंतर प्रमुख पाहुणे, आपणच लाल दिवा लावलात आणि खाली येऊन विचारलंत, "मला एवढंच सांगा, आज मी एका धावपट्टीवर पंच आहे की चार?"

तेवढ्यात हेडली झोळीतला हात सांभाळत कठड्याशी आले. चारही वळणांवरून नजर फिरवली. आणि हसायला लागले. इतके हसले की खांदा धरून खाली बसले. बेरिलबाई ओरडल्या, "अहो, टाके उसवतील!" तर ते म्हणाले, "बेरिल, बघ तरी! प्रत्येकानं आपापली पट्टी करून ठेवलीय!"

मला तेव्हा कळलं की माझ्या वहीतली दोनशे अकरा मतं जमिनीवर पसरली तर नेमकी अशी दिसतील. चुकीचं त्यात एकही नाही. ओली पट्टी हवी हेही खरं, कोरडी हवी हेही खरं. पण ते सगळं एका चिमटीत धरून, हुंगून, दोन बोटं की एक हे ठरवणारा कुणीतरी लागतो. या खेळाचं भवितव्य काय असं मला कुणी विचारलं, तर मी शिकलेली नाही, मला आकडे कळत नाहीत. पण ब्रिटनभर जिथे जिथे असा एक माणूस पहाटे चालतोय, तिथे शनिवार आहे. जिथे नाही, तिथे गोदाम आहे. माझं मत एवढंच. वहीत दोनशे बारावं म्हणून लिहून ठेवा.

हेडली, तुम्ही आम्हाला बोलून काही शिकवलं नाहीत, आणि आम्ही काही विचारलं नाही. चूक अर्धी अर्धी वाटून घेऊ. तुमच्या खांद्याला आराम पडो, आणि एखाद्या शनिवारी तरी मान वर करून शर्यत बघा. फार छान असते हो.

बेरिलबाईंचे आभार, त्यांनी एकतीस वर्षं घरात लाल पाऊलखुणा पुसल्या. अध्यक्षबाईंचे, त्यांनी मला वही दिली आणि ती परत मागितली नाही. प्रमुख पाहुण्यांचे, ज्यांना आज कुणीच ओरडलं नाही. मी वाहवत गेले असेन, कुणाचं मत चुकून दुसऱ्याच्या तोंडी घातलं असेल, डॉटच्या सॉसेज रोलबद्दल नको ते बोलले असेन, तर ते सगळं बसमधल्या खड्ड्यांवर ढकला आणि मला...

काय? विल्फ, दाराशी काय चाललंय? मी आभार मानतेय ना.

कोण आलंय?

एक मिनिट. सगळे एकदम उभे राहू नका, मलाही दिसू दे.

मंडळी, दारात हिरवं जाकीट घातलेला एक उंच म्हातारा उभा आहे. ड्रेकवेलचं जाकीट. विल्फ सांगतायत तो आयव्हर क्लेग आहे. मागच्या पाहुण्यांसाठी सांगते, ड्रेकवेलची धावपट्टी सव्वीस वर्षं यांनीच केली. एकोणीस वर्षांपूर्वी यांनी सगळ्यांसमोर हेडलींवर आरोप केला होता की आतली कड मुद्दाम हॅम्बरीच्या स्वारांच्या फायद्यासाठी भुसभुशीत ठेवली, आणि पुन्हा या गावात पाऊल ठेवणार नाही म्हणाले होते. ठेवलं नव्हतं. आज ठेवलंय, आणि बुटांना लाल मुरूम लागलाय. म्हणजे इथे यायच्या आधी ते धावपट्टीवर जाऊन आलेत.

बेरिलबाई कपात फार लक्ष देऊन काहीतरी बघतायत, म्हणजे बोलावणं कुणी धाडलं ते कळलं.

हो, आयव्हर, बोला ना, माइक नको तुम्हाला, ऐकू येतंय. ते म्हणतायत, "प्राऊज, तुझ्या चौथ्या वळणाची पार वाट लागलीय."

हेडली म्हणतायत, "मी नाही केलं ते. यांनी केलं."

"मला काय त्याचं. मार्चच्या आत सगळं उकरावं लागेल. आणि आतली कड तू नेहमी भुसभुशीत ठेवायचास."

"ठेवायचो."

अगदी असंच म्हणाले! मंडळी, हेडली उठलेत. चहाचा कप तसाच टाकून दाराकडे चाललेत. आयव्हर त्यांना त्या दुखऱ्या खांद्याला धक्का लागणार नाही अशी वाट करून देतायत. दोघे बाहेर गेले. पंच त्यांच्या मागे निघालेत, टोपी विसरून.

ग्लेनिसबाई, तुम्ही अजून बसून काय राहिलात? पर्स उघडा, अर्ज काढा!