सावंताच्या सायकलचे ब्रेक

आज सावंत कट्ट्यावर नाहीये, म्हणून सांगतो. त्याच्या पोराची ती गियरची सायकल, जिच्यावरून हा भांडुपच्या टेकडीवरून दूध आणायला उतरायचा, तिच्या डिस्क ब्रेकचे पॅड गेले होते. मी जुना फिटर, म्हणून मला घेऊन मुलुंडला गेला.

दुकानदाराने दोन जोड्या ठेवल्या. म्हणाला, "काका, महागाचे जास्त टिकतात. ब्रेक मात्र दोन्ही सारखेच धरतात."

मी म्हटलं, "सावंता, तू किती वर्षं टिकणार? स्वस्तातले घे."

घेतले. मीच बसवले. पण ब्रेक दाबला की अशी किंचाळायची सायकल, चाळीतली माणसं बाहेर यायची. दुकानदाराने बजावलं होतं, "नवे आहेत, दोन दिवस वाजतील. काही लावू नका." पण तीस वर्षं कारखान्यात काढली मी. कुरकुरलं की तेल, एवढंच आपल्याला येतं. पॅड ज्या चकतीला धरतात, त्या डिस्कवर घातलं तेल. आवाज एकदम बंद. सावंत म्हणाला, "वा रे मिस्त्री!"

दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावर त्याने ब्रेक दाबला, तर चाक थांबेचना. सरळ गेला भिंतीवर. खुबा मोडला. डॉक्टर म्हणतात, आता काठीशिवाय चालणं नाही.

काल बघायला गेलो. माझा हात धरून म्हणतो, "त्या दुकानवाल्यान फसवल्यान रे आपल्याक. खोटो माल दिल्यान."

मी म्हटलं, "चोर आहे साला."