दारं आत ओढून घेतली

हसू नका गं बायांनो. नातीच्या लग्नाची हळद दळायची, तर जात्यावर पहिली ओवी घरातल्या थोरलीची, म्हणजे माझी. दम लागू नये म्हणून दम्याचा निळा पंप ऊठसूट ओढला, तर तो लागूच पडेना!

नवरीबाई कॉलेजात हेच शिकलेली. म्हणाली, “आजी, छातीतल्या पेशींना औषधासाठी दारं असतात. तू सारखी ठोठावलीस, त्यांनी दारंच आत ओढून घेतली.”

“मग ओवी बुडाली म्हण की!”

“डॉक्टरांनी दिलेला रोजचा पंप डब्यात ठेवलास ना? तो घे. काही दिवसांत दारं परत वर येतात.”

आली की! जात्यावर असा सूर लागला, थांबेचना. शेवटी नवरीनंच हात जोडले, “आजी, पुरे! आता पाहुणे कानांची दारं आत ओढतील!”