लाल खुणेवरचा सूर

सून : झाकू नका, बाबा. दिसलं मला. माझ्या माईकचा डबा आहे तो.

सासरे : झाकतोय कोण? टेबलावरच्या माझ्या छोट्या होडीवर धूळ बसू नये म्हणून फडकं टाकलं. शाळेतून आल्या आल्या तोफ डागायची काही गरज नाही.

सून : मला मोठ्याने बोलता येत नाही. तोफ कुठली डागते?

सासरे : हो की, विसरलोच! घसा काय तो बाईसाहेबांनाच. आम्हाला नुसत्या नळ्या.

सून : डबा का फोडलात?

सासरे : फोडला नाही, उघडला. फोडतात ते अडाणी. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत मी. अगं, एवढ्या स्वस्तात आयता रेडिओ! हा कॉलरचा माईक माझ्या हातात, रिसीव्हर होडीत. इकडून सूर लावायचा, तिकडे दिवा लागतो आणि सुकाणू वळतं. विकतचे रिमोट मिरवणाऱ्यांची तोंडं बघायचीत मला रविवारी तळ्यावर.

सून : वर्गात पिशवी उघडली. रिकामी.

सासरे : तू उठायच्या आत परत ठेवणार होतो. राहिलं.

सून : राहिलं? सहा तास शिकवलं मी आज. पन्नास मुलं. उघड्या घशाने.

सासरे : मग काय आभाळ कोसळलं? आमचे मास्तर मैदानाच्या टोकाहून हाक मारायचे. तुमची आपली सगळी नाटकं.

सून : डॉक्टरही नाटकच करतात का? स्वरयंत्रावर गाठी आहेत. सहा महिने हळू बोलले तर जातील. नाहीतर आवाज जाईल.

सासरे : डॉक्टरांचं काय जातंय सांगायला!

सून : मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. या आठवड्यात वर्ग सांभाळता आला नाही, तर सोमवारपासून मी ऑफिसात. फाइली लावायला. कायमची.

सासरे : हे मला सांगायचं होतंस.

सून : सांगितलं होतं. परवा, जेवताना. तुम्ही म्हणालात, मीठ दे.

सासरे : हं. आणि तसाही तो माईक टाकाऊच निघाला. फसवलं तुला दुकानदाराने. सकाळपासून डोकं फोडतोय, होडीतला दिवा काही लागत नाही.

सून : काल वर्गात व्यवस्थित चालला.

सासरे : मग माझं सर्किट खोटं बोलतंय? सुट्टीत साध्या माईकवर फटकन लागायचा दिवा.

सून : कशावर? तुमच्या शिट्टीवर?

सासरे : कवळी बसवल्यापासून शिट्टी कुठली? नुसतं फुस्स होतं.

सून : मग कशावर?

सासरे : तुझ्यावर.

सून : काय?

सासरे : सुट्टीत तू पहाटे गायला बसायचीस ना, तासभर तोच ‘सा’ धरून? भिंतीच्या अलीकडे मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचो. इतका सरळ सूर या घरात दुसऱ्या कशाचा नाही. मिक्सरचासुद्धा नाही. सर्किटचा सूर जुळवणारा स्क्रू फिरवत राहायचो; दिवा लागला, तिथे त्यावर लाल खूण केली. तुझ्याच नेलपॉलिशने. आज पहाटेही तू हळूच सूर लावलास, तर हा माईक ढिम्म.

सून : म्हणजे ती बाटलीही तुम्हीच.

सासरे : ते सोड. धर हा माईक. ‘सा’ लाव. अगदी हळू. मग कळेल माल कसा आहे ते.

(ती सूर लावते. दिवा लागत नाही.)

सासरे : बघितलंस? टाकाऊ! थांब, स्क्रू जरा खाली घेतो. सोडू नकोस सूर... अजून खाली... अजून थोडा... अरेच्चा.

सून : लागला ना? माईक चांगला आहे.

सासरे : हो.

सून : मग आता स्क्रूकडे काय बघताय?

सासरे : केवढा खाली आलाय गं तुझा सूर. खुणेपासून पाव फेरा. मला वाटत होतं, तू नुसती...

सून : नाटक करते.

सासरे : हो. तेच वाटत होतं.

सून : चाळीस वर्षं रेडिओ ऐकलेत म्हणे. रोज समोर बसून मला नाही ऐकलंत.

सासरे : बोलू नकोस आता. नुसती मान हलव. रिसीव्हर काढतो, तारांना डाग देऊन पुन्हा जोडतो. तुझा चहा होईपर्यंत डबा पिशवीत टाकतो.

सून : पिशवीला हात लावायचा नाही.

सासरे : बरं, बरं. टेबलावर ठेवतो. आणि स्क्रू राहू दे आता आहे तिथेच. पुढेमागे दुसरा माईक आणला, तर तुझ्या या आवाजावर निदान होडी तरी...

सून : नाही. लाल खुणेवर परत न्या.

सासरे : अगं, पण तिथे तुझ्याच्याने दिवा लागणार नाही.

सून : आज नाही लागणार.