आर्लिसबाईंचा दोन नंबरचा काउंटर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावाचे महापौर श्री. रोलंड टीग; चर्चखालचा हा हॉल एक पैसाही न घेता देणाऱ्या पास्टर मार्गिट; मिनिआपोलिसच्या मुख्य कार्यालयातून दोनशे मैल गाडी हाकत आलेल्या पाहुण्या श्रीमती पॅक्स्टन; आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती आर्लिस ब्रेक्के; आणि नेहमीप्रमाणे पुढची चार टेबलं रिकामी ठेवून मागे भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मी क्रेग सॅदर, आपल्या दुकानाचा मॅनेजर. वेगळी ओळख नको. तुमच्यातल्या निम्म्यांनी मला अंड्यांच्या दरावरून झापलेलं आहे. मला पाच मिनिटं दिली आहेत. भाषण माझ्या बायकोनं लिहून दिलंय आणि ते या खिशात आहे. छान आहे. 'चौतीस वर्षांची निष्ठावंत सेवा', 'सदैव हसतमुख', सगळं आहे त्यात. पण ते मी वाचणार नाही. रागावू नकोस, जोअन.

आधी एक गंमत सांगतो. मघाशी रोलंडसाहेबांना कोणीतरी केक देत होतं. साहेब म्हणाले, "छे छे, मला नको." पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "अहो खरंच नको, आत्ताच जेवलोय." तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, "बरं, अगदीच एवढासा." आणि साहेब, मी मोजत नव्हतो, पण तुमच्या बशीत तीन तुकडे होते! हसू नका, तुम्ही तरी काय वेगळे आहात? आपल्याकडे पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणतं का? दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. आईच्या मांडीवर असल्यापासून शिकतो आपण हे. एकदाच विचारून बशी उचलणाऱ्या यजमानाबद्दल गाव काय बोलतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. ही रीत जरा लक्षात असू द्या.

तर आर्लिसबाई. दुकानात सहा काउंटर होते, तेव्हा त्या दोन नंबरवर. एक, तीन, चार ओस पडलेले आणि दोन नंबरपुढे सात माणसं उभी! मी ओरडायचो, "इकडे या हो, इथे मोकळं आहे!" लोक म्हणायचे, "असू दे, आम्हाला घाई नाही." मला वाटायचं, काय येडे लोक आहेत! एकटा राहणारा तो म्हातारा ऑर्व्हिल रोज एक केळं घ्यायचा. एक केळं! मी म्हटलं, अरे बाबा, एकदम घडच ने की. तो म्हणाला, "मग उद्या कशाला येऊ?"

मला तेव्हाही कळलं नाही. मला कळायचे ते आकडे. मिनिटाला किती वस्तू पुढे सरकल्या, याचा तक्ता दर सोमवारी मुख्य कार्यालयातून यायचा, आणि त्यात आर्लिसबाई सगळ्यात खाली. श्रीमती पॅक्स्टन, तुमच्याबद्दल तक्रार नाही. तक्ता तुम्ही पाठवलात, पण वाचला मी.

पावणेचार वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, त्या तक्त्यावर एक नवा रकाना आला. बिलात चढवलेलं किती वेळा परत रद्द केलं, याचा. बाकीच्यांचे रद्द महिन्याला दोन-चार. आर्लिसबाईंचे चार महिन्यांत एकशे बारा. शेजारी लाल अक्षरात 'तपासावे' लिहिलेलं. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच घेतात. गिऱ्हाईक गेल्यावर वस्तू रद्द करायची आणि पैसे खिशात घालायचे.

मी त्यांना मागच्या खोलीत बोलावलं. तक्ता पुढे सरकवला आणि विचारलं, "आर्लिसबाई, तुम्हाला याबद्दल काही सांगायचंय?"

त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही. ठीक आहे."

मी ताकीद लिहिली, त्यांनी सही केली. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

ऑक्टोबरात ती यंत्रं आली. आपलं बिल आपणच करा, पिशवीही आपणच भरा, आणि यंत्रानं गोड आवाजात आभार मानले की चालू लागा. सहा काउंटरचा एक राहिला, आणि तोसुद्धा आर्लिसबाईंना दिला नाही. त्यांना मी नेमलं बाहेर, फोनवरून मागवलेलं सामान लोकांच्या गाडीपाशी पोचवायला. बासष्ट वर्षांच्या बाईला जानेवारीत, उणे पंचवीसमध्ये! 'जरा मोकळ्या हवेत' असं मी म्हणालो होतो. हो, मीच म्हणालो होतो. जीभ कशी झडली नाही माझी, कोण जाणे.

आणि मंडळी, तुम्हीही ऐका. गाडीत बसून तुम्ही बटण दाबता. डिकी उघडते, पण काच उघडत नाही. आर्लिसबाई काचेवर टकटक करून विचारायच्या, "गुडघा कसा आहे आता?" यावरही माझ्याकडे एक तक्रार आली. नाव सांगत नाही. त्या माणसाचा गुडघा आता बरा आहे.

ताकीद कशी फुटली मला माहीत नाही. मी जोअनला सांगितली होती, एवढं खरं. पुढे महिनाभरात या चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली, जी एकोणीस वर्षं आर्लिसबाईंच्या ॲप्रनच्या खिशात होती, ती तुम्ही काढून घेतलीत. कोणी चोर म्हटलं नाही. आपण काय तसे लोक आहोत? आपण म्हटलं, "आर्लिस, तुझ्यावर फार भार पडतो गं." आणि त्या म्हणाल्या, "ठीक आहे."

आता माझ्या आईविषयी. इनेझ सॅदरला कोण ओळखत नाही? या गावात कोणीही वारलं की दफनानंतरच्या जेवणाचा हॉटडिश तिचा. खिमा, मशरूमचं डबाबंद सूप, वर बटाट्याच्या कुरकुरीत वड्या. चाळीस वर्षं तिनं या गावाच्या दुःखाला जेवू घातलं. ती एकटी राहायची, दुकानापासून तीन गल्ल्या पलीकडे. मी दर रविवारी जायचो, तासभर बसायचो. "कशी आहेस, आई?" "बरी आहे रे." की निघालो.

गेल्या मार्चमध्ये शेजारणीचा फोन आला, आईच्या घरातून धूर येतोय. किटली जळली होती. आई सोफ्यावर बसली होती, कोट घालून. मला म्हणाली, "बरं झालं आलास. उद्या एल्मरचं जेवण आहे, मला डबे वर आणून दे." एल्मर म्हणजे आमचा शेजारी. त्याला जाऊन पाच वर्षं झालीत.

मी तळघरात गेलो. मशरूमच्या सूपचे डबे! फळ्यांवर, फळ्यांखाली, कपडे धुवायच्या यंत्रावर, माझ्या लहानपणच्या बर्फावरच्या घसरगाडीत. नऊशेच्या वर निघाले.

आई बिलं जपून ठेवते, बिस्किटांच्या डब्यात, घडी करून. ती मी एकेक उघडली. यंत्रं आल्यानंतरची सगळी सारखीच, सूपचे चार डबे, 'आभारी आहोत, पुन्हा या'. एका दिवसात दोनदासुद्धा. यंत्राला काय, ती पुन्हा आलीच! यंत्रं येण्याआधीची बिलं मात्र वेगळी. सूपचे चार डबे. खाली, चार डबे रद्द. त्याखाली, एक पाव. आणि तळाला छापलेलं, 'आज तुमच्या सेवेत आर्लिस'. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चार महिन्यांचे रद्द मी मोजत गेलो. एकशे आठ भरले, मग पुढे मोजवेना.

खाटिककाम करणारा आमचा डेल सगळं रोज पाहत होता. त्याला मी विचारलं तेव्हा कुठे तो बोलला. आई डबे ठेवून म्हणायची, "उद्या एल्मरचं जेवण आहे ना." आर्लिसबाई डबे बिलात चढवायच्या, नाहीतर आई घाबरायची. मग हळूच म्हणायच्या, "इनेझबाई, झालं की ते जेवण! काय फक्कड झालं होतं. पातेलं चाटूनपुसून साफ झालं, चमचाभर उरलं नाही." आई खूश व्हायची. म्हणायची, "हो का? मग राहू दे हे." आणि एक पाव घेऊन घरी जायची. रोज एवढं बोलणं, मागे सात माणसं उभी, आणि एकालाही घाई नसायची.

मंडळी, ती सात माणसं तुम्ही होतात. तुम्हाला माहीत होतं. दिव्याखाली अंधार होता तो फक्त मॅनेजरच्या खोलीत.

मार्चला तीन महिने झाले. या तीन महिन्यांत मी आर्लिसबाईंना रोज 'गुड मॉर्निंग' म्हटलं, बाकी एक अक्षर नाही. भेकडासारखा वागलो. आई आता तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात आहे. ती मला कधी ओळखते, कधी नाही. पण तिथल्या जेवणघरात ट्रे घेऊन रांगेत उभी राहिली की विचारते, "आर्लिस कुठल्या काउंटरवर आहे?"

ही ती ताकीद. मूळ प्रत, माझ्या सहीची. श्रीमती पॅक्स्टन, ही मी सर्वांसमोर फाडतोय, काय करायचं ते करा. आर्लिस ब्रेक्केनं या दुकानातून एक पैसाही घेतला नाही, हे मी या हॉलमध्ये मोठ्यानं सांगतो. किल्लीचं तुमचं तुम्ही बघा.

आणि आता मला रीत पाळू द्या. आर्लिसबाई, पावणेचार वर्षांपूर्वी मी तुम्हाला एकदाच विचारलं आणि बशी उचलली. आज दुसऱ्यांदा विचारतो. तुम्हाला याबद्दल काही सांगायचंय?

... त्या मान हलवतायत. नाही म्हणतायत. हात करून मला खाली बसायला सांगतायत.

नाही बसणार. आर्लिसबाई, तिसऱ्यांदा विचारतो. काही सांगायचंय?

... थांबा, थांबा, जरा शांतता ठेवा. बोला, आर्लिसबाई. हं... हं.

मागे ऐकू गेलं नसेल. त्या काय म्हणाल्या ते सांगतो. मला जमेल तसं सांगतो.

त्या म्हणतायत, "क्रेग, तुझ्या आईला कळत होतं रे. रोज नाही, पण अधूनमधून कळायचं. एकदा माझा हात धरून म्हणाली, 'माझं डोकं चालेनासं झालंय, आर्लिस. क्रेगला आपणहून सांगू नकोस, त्याला कामं फार. त्यानं विचारलं, तर सांग.' मी त्या दिवशी तुझ्या खोलीत खुर्चीवरून उठले ती मुद्दाम सावकाश उठले. दारापाशी थांबलेसुद्धा. तिसऱ्यांदा कशाला, तू दुसऱ्यांदा विचारलं असतंस तरी मी सांगितलं असतं."

...

मी तेव्हा पुढचा कागद वाचत होतो. त्या दारापाशी थांबल्या होत्या, हे मला आज कळतंय.

आता आभार मानून घेतो. अध्यक्षांचे, पास्टरबाईंचे, पाहुण्यांचे, आणि मागे कॉफी करणाऱ्या मंडळाचे. मुख्य कार्यालयानं आर्लिसबाईंना भेट म्हणून आमच्याच दुकानातल्या खरेदीचं कार्ड पाठवलंय, तेही मी देतो, लाज वाटते तरी देतो. पाच मिनिटांची वीस केली, कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर पदरात घ्या. आणि आर्लिसबाई, उद्या रविवार आहे. मी आईकडे जातोय. तुम्ही याल का माझ्याबरोबर?

... नाही म्हणतायत. असू दे, अजून दोनदा विचारायचंय मला.