लुबाबालोचा शब्द

हॅलो?… कोण?… हां, नोझुकोताई, बोला. जरा मोठ्याने, वारा फार सुटलाय इकडे… हो, झोलेकाच बोलतेय, दुसरं कोण उचलणार हा फोन… थांबा, मक्याचं पातेलं खाली उतरवते… हां. बोला.

आईंचा फोन आला होता?… कधी, आत्ता?… काय म्हणाल्या?

ताई, रडू नका. ऐका आधी… नाही, वेड नाही लागलं त्यांना, डोकं ठिकाणावर आहे… अहो, लुबाबालोचा निरोप आला असं म्हणाल्या ना? आलाय. म्हणजे त्याचा नाही, पण त्याच्या नावाने आलाय. मीही वाचलाय… थट्टा? तुमच्या भावाला जाऊन वर्ष नाही झालं, माझ्या अंगावर अजून काळं आहे, मी कशाला थट्टा करीन?

सांगते ना. पहिल्यापासून सांगते.

शनिवारी तो आईंना घेऊन पायरीवर बसायचा, आठवतं?… हो, मॅचवर पैसे लावायला. आईंना खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण संघ त्याच निवडायच्या. ज्यांचे कपडे पिवळे ते, नाहीतर ज्यांचं नाव म्हणायला सोपं ते. आणि तो हसत हसत फोनवर बटण दाबायचा… चोरून नव्हतं हो, परवाना असलेल्या कंपनीतच खेळायचा, प्रांताच्या सरकारने दिलेला परवाना. तरी आमची भांडणं व्हायचीच, ते वेगळं.

तर त्याचा जुना फोन घरातच राहिला होता. काच तडकलेला… हो, तोच. आता आईंच्या उशाशी असतो. शनिवारी दुपारी उन्हात बसतात आणि बोटाने काहीतरी करत राहतात. मला वाटलं, फोटो बघत असतील. मी काय विचारणार?

आणि मग मागच्या आठवड्यात मला फोन आला. प्रांताचं जुगार-मंडळ आहे ना, हे परवाने देणारं, तिथून. फुमेझा म्हणून बाई. आवाज फार गोड. म्हणाली, लुबाबालो आहेत का. मी म्हटलं, नाहीत. म्हणाली, कधी येतील?

…हो. असंच विचारलं. कधी येतील.

काय सांगू ताई, हातातला चहा हातातच राहिला. म्हटलं, काम काय होतं? तर म्हणाली, ते दर शनिवारी पैसे लावायला बघतायत, आणि त्यांच्यावर तर बंदी आहे. असं झालं की आम्हाला फोन करावाच लागतो, नियम आहे.

बंदी… तेच मी विचारलं. कुणी घातली? तर त्यानेच. स्वतःवर. मंडळाकडे आपलं नाव द्यायचं, मला खेळू देऊ नका म्हणून. मग प्रांतातली कुठलीच कंपनी आपला पैसा घेत नाही… ईस्टरला… हो ताई, ईस्टरला. अपघाताच्या कितीतरी आधी… मला? नाही. मला नाही, आईंना नाही. शनिवारी आईंजवळ बसत होता तसाच बसायचा. त्या संघ सांगायच्या, हा दाबल्यासारखं करायचा असणार. आणि वर "आई, जिंकलो" म्हणून त्यांना गोड पाव आणून द्यायचा. आम्ही सगळे खायचो तो पाव.

हो… हो… मलाही रडू आलं तेव्हा.

मी बाईला सांगितलं, तो वारला. तिने माफी मागितली. मग हळूच म्हणाली, मग दाबतंय कोण?

घाबरले नाहीतर काय. आणि मग दारातून पायरीकडे नजर गेली… हो, आईच. त्याचा परवलीचा आकडा म्हणजे त्यांचंच जन्माचं वर्ष, कधी विसरणार? फोन उघडायच्या, संघ निवडायच्या, दाबायच्या. वर इंग्रजी अक्षरं उमटायची. त्यांना वाटायचं, पैज लागली. आज शेजारी राहणाऱ्या चर्चच्या पाळकांची बायको आली होती, तिच्याकडून वाचून घेतलं. आणि लगेच तुम्हाला फोन केला असणार.

वाचते ना. थांबा, फोन इथेच आहे… "लुबाबालो, मला खेळू देऊ नका, असं तुम्ही स्वतः आम्हाला सांगितलं आहे. आम्ही तुमचा शब्द पाळत आहोत. काळजी घ्या."

…एवढंच. मशीन पाठवतं ते ताई. आईंना सांगितलं मी, मशीन आहे म्हणून. म्हणतात, मशीनला सांगितलं कुणी? त्यानेच ना? मग तो बोलला की नाही?



आणखी एक… काल मी मातिवाने गुरुजींकडे गेले होते… हो, त्यांच्याचकडे. त्यांची बायको गेली ना आपल्या लुबाबालोच्या टॅक्सीत. मातीच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, हा गाडी चालवताना मॅचचे पैसे बघत होता, म्हणून गाडी नदीत गेली. तेव्हापासून आपल्या दारात कोणी चहा घेत नाही, तुम्ही तिकडे लांब केपच्या शहरात, तुम्हाला नाही कळायचं… गेले मी. दाराबाहेरच उभी राहिले, ह्या सुतकाच्या काळ्या कपड्यांत दुसऱ्याच्या घरात कशी जाऊ? म्हटलं, गुरुजी, तो खेळत नव्हता. खेळूच शकत नव्हता. हवं तर मंडळाला विचारा.

ऐकून घेतलं त्यांनी. खुर्ची आणून दिली बाहेर. मग म्हणाले, मानतो मी, पोरी. पण पुढच्या सीटवरची बाई वाचली, तिने पाहिलंय. वळणावर तो फोनकडे बघत होता आणि हसत होता. पैसे नव्हते लागलेले, तर हसला कशाला?

कालपासून तेच घुमतंय डोक्यात. हसला कशाला. त्याच्या हातातला नवा फोन तर त्याच्याबरोबर नदीतच गेला, बघणार कुठे…

ताई?… ऐकताय ना?… हॅलो?… कट झाला वाटतं… नाही, श्वास ऐकू येतोय तुमचा. बोलत का नाही?

…काय?

…परत सांगा.

तुम्ही फोन केला होता त्याला?… त्या संध्याकाळी?… अंधार पडता पडता. म्हणजे म्बाशे नदीच्या उतारावरच… उचलला त्याने?… नुसतीच रिंग. आणि नंतर बंद लागायला लागला.

हे तुम्ही इतके महिने… कुणालाच नाही?

…कशाला केला होता?… ब्लँकेट बसने पाठवलं होतं, ते पोचलं का विचारायला.

…

नाही. नाही ताई, असं म्हणायचं नाही. मी म्हणत नाहीये, तुम्हीही म्हणू नका… ऐका माझं. ऐका ना. तुमचं नाव त्याने फोनमध्ये काय ठेवलं होतं, माहितेय? "मोठी साहेबीण". वाजला की आधी हसायचा, मग उचलायचा. दर वेळी… हो. तुमचं नाव बघून हसला तो… बरं की वाईट, मला नाही माहीत. खरंच नाही माहीत ताई.

गुरुजींना?… सांगावं लागेल. त्यांचं माणूस गेलंय… नाही, मी एकटी नाही जाणार. तुम्ही या. तुम्ही आलात की दोघी जाऊ… तुम्हीच बोला, मी शेजारी उभी राहीन… याल ना?

…मंडळाला कागद? तो अजून नाही दिला. मृत्यूचा दाखला पाठवला की मंडळ खातं कायमचं बंद करायला लावेल. मग शनिवारी काही यायचं नाही. फुमेझाबाई रोज विचारतेय. पाठवते म्हणते… होत नाही माझ्याच्याने.

थांबा, आई आल्या दारात. तुमच्याशी बोलायचंय म्हणतात. देऊ?… ताई, डोळे पुसा, आवाज कळतो त्यांना… देऊ का?… ताई?

…ठेवला फोन त्यांनी.

काही नाही आई, ताई होत्या. येतायत म्हणे… हो, लवकरच… नाही हो, रडत नव्हत्या. सर्दी झालीय त्यांना, केपला गारठा असतो.

आणखी एक मॅच आहे?… सरका थोड्या. मीही बसते. कोणते कोणते संघ आहेत, सांगा.