मानाची रॅकेट, मापाचा हात

बसा बायांनो, ऐसपैस बसा. पुढच्यांनी जरा सरकून घ्या, मागं उभ्या आहेत त्याही देवाच्याच दारात आल्यात. पेटीवाले, तुमचा सूर खाली राहू द्या. आज मला गाण्यापेक्षा बोलायचं जास्त आहे.

एक विचारते. माणसाला दोन गोष्टी मिळतात. एक देव देतो — हा हात. दुसरी माणसं देतात — मान. शाल, नारळ, हार, फोटो. आता ही दोन्ही एकमेकांच्या आड आली, तर ऐकायचं कुणाचं? हाताचं की मानाचं?

हाताचं म्हणताय? देवळात सगळ्यांचीच उत्तरं बरोबर येतात. घरी काय करता ते मला ठाऊक आहे. म्हणून हे आख्यान ऐका.

गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या बायका भांडायला येतील. नदीकाठाला सूतगिरणी आहे, गिरणीचा क्लब आहे, एवढं पुरे. त्या क्लबात एक खोली. खिडकी नाही, खुर्ची नाही. चार उंच पांढऱ्या भिंती आणि खाली लाकडी जमीन. तिथं रॅकेटबॉल खेळतात. दोघी जणी आत जातात, दार लागतं, बघणारे वर सज्जात, आणि एक रबरी चेंडू आळीपाळीनं समोरच्या भिंतीवर हाणायचा. जिला तो परत मारता आला नाही, ती चुकली. समोरासमोर कुणी उभं राहत नाही, दोघींची तोंडं भिंतीकडं. आपण जेवढ्या जोरानं मारू, तेवढ्याच जोरानं भिंत परत पाठवते. आता कर्माचा वेगळा अध्याय लावायला हवा का मंडळी?

त्या गावात कासाराच्या घरी सून आली. रोहिणी तिचं नाव. अंगानं काटकुळी, मनगट असं की माझ्या दोन बोटांत मावेल. पण पायात वारा. माहेरी शाळेत खेळलेली. सासूला म्हणाली, "आत्या, क्लबात बायकांना सकाळी खेळायला देतात. जाऊ का?"

सासू कोण? गोदाक्का. तीस वर्षं बांगड्या भरणारी. गावातल्या निम्म्या बायकांचे हात तिच्या हातांतून गेलेले आणि उरलेल्या निम्म्या तिच्या जिभेतून. अक्का म्हणाली, "जा की. पण हरून आलीस तर भाकऱ्या तू करायच्या."

"आणि जिंकले तर?"

"तरी तूच. पीठ मी मळून देईन."

बघा, अशी सासू. तुमच्यापैकी कितीजणी पीठ मळून देतात? जाऊ द्या, हात वर करू नका, सुना शेजारीच बसल्यात.

रोहिणी खेळली आणि जिंकत गेली. क्लबानं जाहीर केलं — माघात जिल्ह्याचा सामना आहे, तो जी जिंकेल तिला इथं मुलींना शिकवायला नेमणार. रोहिणीच्या मनात तेच होतं. सून म्हणून तिला सगळं गाव ओळखत होतं, तिला बाई म्हणून ओळख हवी होती. शाळेतल्या बाई म्हणतात ना, तशी.

आणि इथं मान आडवा आला.

क्लबाचे अध्यक्ष नानासाहेब. तरुणपणी मोठे खेळाडू. त्यांनी दसऱ्याच्या दोन दिवस आधी रोहिणीला नवरात्राच्या मंडपात बोलावलं, शाल दिली, नारळ दिला, आणि स्वतःची जुनी रॅकेट तिच्या हातात ठेवली. "हिनं मी सात वर्षं हरलो नाही. आता तू हिनंच खेळायचं." टाळ्या. फोटो. गोदाक्काच्या डोळ्यांत पाणी.

रॅकेट लोखंडासारखी. अडीचशे ग्रॅम. तुम्ही म्हणाल, अडीचशे ग्रॅम म्हणजे काय, पावशेर भेंडी. बरोबर. आता ती पावशेर भेंडी हातभर काठीच्या टोकाला बांधा, तासभर ती काठी फिरवा आणि मग माझ्याकडं या. मूठही एवढी जाड, की पोरीची बोटं पलीकडं पोचेनात.

पण बोलणार कोण? खंडेनवमीला अक्कानं काय केलं — बांगड्यांची पेटी मांडली, कात्री मांडली, आणि मधोमध ती रॅकेट. हळद, कुंकू, झेंडूची माळ. झालं. आता ती रॅकेट राहिली नाही, देव झाली. देवाला जड कोण म्हणेल?

रोहिणी तीच घेऊन रोज जायची. घरी येऊन भाकऱ्या थापायची. तोंडातून अवाक्षर नाही.

संक्रांत जवळ आली. अक्का म्हणाली, "ये गं, तुझ्या बांगड्या भरते." रोहिणीचं माप दोन-चार, लग्नापासून ठरलेलं. अक्कानं उजवा हात घेतला, अंगठा आत दुमडला, बांगडी सरकवली — चढेना. पुन्हा दाबलं. बांगडी वाढली — फुटली म्हणायचं नसतं. दुसरी घेतली, तीही वाढली. तीस वर्षांत अक्काचं माप चुकलं नव्हतं. तिनं हात उजेडाला धरला. मनगट सुजलेलं, अंगठ्याच्या बुडाशी काळंनिळं.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

"तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुम्ही पूजा केलेली, आत्या. जड आहे म्हणायचं कसं?"

मंडळी, गोदाक्का गप्प बसली. शेजारीण भिंतीपलीकडून विचारायला आली, अक्का बरी आहे ना.

मग अक्का उठली. रॅकेट देव्हाऱ्याशेजारी उभी केली, हात जोडले, म्हणाली, "तू इथं राहा. तुझं वय झालंय, माझंही झालंय. पण मी अजून सुनेच्या अंगावर पडत नाही."

पंधरा दिवस रोहिणीचा हात बांधून ठेवला. सूज उतरली तशी दोघी एसटीनं शहरात, खेळाच्या दुकानात. दुकानदारानं लखलखीत रॅकेट पुढं केली. "घ्या, सगळे चॅम्पियन हीच वापरतात."

अक्का म्हणाली, "मग त्यांनाच विका. मी हिचा हात घेऊन आलेय."

आणि अक्कानं बांगड्या दाखवतात तशा रॅकेटी काढायला लावल्या. ही नको. ही दे. ही ठेव बाजूला. रोहिणीला म्हणाली, "डोळे मीट. हातात धर. आता मला सांगू नकोस, नुसती फिरव." पोरगी फिरवायची आणि अक्का रॅकेटीकडं नाही, मनगटाकडं बघायची. अकराव्या रॅकेटीला मनगट हसलं. एकशे साठ ग्रॅम.

दुकानदार म्हणाला, "ही फारच हलकी आहे, मावशी."

"तुला उचलायची आहे का?"

पण हलकं घेतलं म्हणजे काम संपलं, असं नाही बरं. मुठीवरचं जाड वेष्टण काढून पातळ गुंडाळलं, तेव्हा बोटं तळव्याला टेकली. जाळीची तार किंचित सैल करून घेतली, म्हणजे हाताला हिसका कमी. मनगटाला अडकवायची दोरी असते — ती बांधल्याशिवाय खेळू देत नाहीत, नाहीतर रॅकेट सुटायची आणि दुसरीच्या कपाळाला लागायची — त्या दोरीला अक्कानं मऊ सुती कापड शिवलं. तरी घरी येऊन दोन दिवस खेळल्यावर रोहिणी म्हणाली, "आत्या, हात सुखी आहे, पण चेंडूत जीव नाही." मग टोकाला शिशाची पातळ पट्टी लावली, टिकलीएवढी. खेळून बघितलं. आणखी एक टिकली. खेळून बघितलं. तिसरी लावली तर हात कुरकुरला, ती काढली. दोनच राहिल्या. देवानं हात घडवताना एवढी तपासणी केली असेल, मग आपण त्याच्यात काय द्यायचं ते तपासायला नको?

सामन्याचा दिवस. नानासाहेब दारात. "माझी रॅकेट कुठंय?"

अक्का म्हणाली, "देव्हाऱ्यापाशी. तिचा मान तिथं आहे. हिचा हात इथं आहे."

नानासाहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "पुजलेली वस्तू घरी ठेवून हे खेळणं आणलंत? हरली तर शिकवायचं सोडा, उद्यापासून खेळायलाही या दारातून आत घेणार नाही."

रोहिणी अक्काकडं बघायला लागली. अक्का म्हणाली, "माझ्याकडं काय बघतेस? भिंत तिकडं आहे."

समोर शहरची जयमाला. खांदे असे, की दार भरून आत आली. पहिला डाव तिनं घेतला, पंधरा-नऊ. दुसरा रोहिणीनं ओढून आणला, पंधरा-बारा. तिसरा अकरा गुणांचा. दहा-दहा. क्लबात कुणी खोकत नाही.

रोहिणीनं चेंडू सुरू केला. जयमालेनं तो डाव्या कोपऱ्यात असा हाणला, की नुसता आवाज आला. जुन्या रॅकेटीनं हात तिथवर पोचेपर्यंत चेंडू घरी जाऊन जेवून आला असता. पण ही रॅकेट वळली. आधी मनगट वळलं, मागोमाग रॅकेट, आणि चेंडू समोरच्या भिंतीच्या अगदी बुडाशी, जमीन लागते तिथं. तिथं लागलेला चेंडू उसळत नाही मंडळी. घरंगळतो. तसा तो घरंगळत आला आणि जयमालेच्या बुटाशी थांबला.

अकरा-दहा. सगळा क्लब उभा! वाजवा मृदंग, आता नाही तर कधी वाजवणार?

जयमाला आधी रोहिणीच्या गळ्यात पडली, मग म्हणाली, "बघू तुझी रॅकेट." हातात घेतली आणि परत दिली. "माझ्या कामाची नाही. तुझीच आहे ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी सोळा मुलींसमोर उभी होती आणि सोळाजणी म्हणत होत्या, "नमस्ते बाई." त्याच वेळी गोदाक्काच्या ओट्यावर नानासाहेब आले. टेकले. बराच वेळ टोपी काढली, घातली. शेवटी उजवा हात पुढं केला. बोटं वाकडी, कोपर सरळ होत नव्हतं.

"सात वर्षं हरलो नाही," ते म्हणाले, "आणि वीस वर्षं झाली, घास डाव्या हातानं घेतो. मला कुणी विचारलंच नाही, अक्का. माझंही माप घ्या."

अक्कानं तो हात मांडीवर घेतला आणि हळूहळू दाबायला लागली.

आता तुमच्याकडं येते. तुम्ही घरातल्यांना काय काय दिलंत? तुमचे वाडवडिलांचे नेम, तुमची शिस्त, 'आमच्या वेळी असं होतं' ही अडीचशे ग्रॅमची रॅकेट. हळदकुंकू लावून दिलीत, म्हणून कुणी जड म्हणत नाही. सुजतात आणि भाकऱ्या थापतात. लग्नात हात धरून सून उंबऱ्याच्या आत आणलीत. त्यानंतर तो हात किती वेळा हातात घेतलात? कामाला लावायला नव्हे, बघायला. रामकृष्णहरी मागाहून म्हणू. आधी शेजारी जी बसली आहे — सून असो, सासू असो, परकी असो — तिचा हात हातात घ्या. घेतलात? दाबून बघा. बोलू नका. आता तिलाच बोलू द्या.